ऑफिसमधून निघालेल्या पीसीवर लिनक्स: डिस्क दिसत नाही, स्क्रीन काळी, वाय-फाय गायब

तुमचा प्रश्न आधी नीट मांडून घेतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंड-हँड पीसी घेतलात, कुठल्या तरी ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड डबा. आय-फाइव्ह ६५०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी. दुकानदाराने वरून जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं आणि वाय-फायसाठी यूएसबी डोंगल दिला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ या प्रोसेसरला घेत नाही, म्हणून लिनक्स मिंट टाकायला घेतलंत. पेन ड्राइव्हवरून सुरू केलं की स्क्रीन काळी. ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडला तर डेस्कटॉप येतो, पण अक्षरं मोठी आणि सगळं संथ. वाय-फाय दिसत नाही. इन्स्टॉलरला डिस्कच सापडत नाही. उबुंटू आणि फेडोरा लावून पाहिलं, उन्नीस-बीस फरकाने तेच. आतल्या विंडोजमध्ये घरचे फोटो आणि टॅलीचा डेटा आहे, तो जायला नको. आणि दुकानदार म्हणतोय, ‘हा पीसी लिनक्सला चालत नाही.’

दुकानदाराचं म्हणणं बाजूला ठेवा. सहाव्या पिढीचा इंटेलचा ऑफिस पीसी हे लिनक्ससाठी सगळ्यात सोप्या मशीनपैकी एक आहे. बोर्डावरचं ग्राफिक्स, आवाज, लॅन पोर्ट या सगळ्यांचे ड्रायव्हर (ती वस्तू चालवणारे छोटे प्रोग्राम) कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात, वेगळं काही टाकावं लागत नाही. तुमच्याकडे तीन स्वतंत्र अडचणी एकाच वेळी आल्यात, म्हणून सगळा पीसीच बिघडल्यासारखा वाटतोय. डिस्कची अडचण बायोसच्या (पीसी सुरू होताच चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) एका सेटिंगची आहे. काळी स्क्रीन नंतर बसवलेल्या कार्डामुळे येते आहे. वाय-फायची अडचण डोंगलच्या चिपची आहे. मूळ मशीनचा यात दोष जवळजवळ नाहीच.

डिस्ट्रो (मिंट, उबुंटू अशी लिनक्सची वेगवेगळी तयार रूपं) बदलून फरक का पडला नाही, तेही यातूनच कळेल. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतात आणि मिंट, उबुंटू, फेडोरा तिन्हींचा कर्नल मुळात एकच. फरक आवृत्तीचा आणि सोबत दिलेल्या फर्मवेअर फायलींचा (फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चढवायचा छोटा प्रोग्राम). नव्या आवृत्तीने एखादी नवी चिप चालू होते हे खरं, पण आंधळेपणाने चौथी, पाचवी आयएसओ (पेन ड्राइव्हवर टाकायची इन्स्टॉलरची फाइल) डाउनलोड करण्याआधी आपल्या पीसीत नेमक्या कुठल्या चिप आहेत ते बघा. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. ते नाव आणि आतली चिप यांचा संबंध किती सैल असतो ते पुढे सांगतो.

दोन गोष्टी तुमच्या मशीनचे आउटपुट बघितल्याशिवाय ठरत नाहीत: तुमचं जीटी ७३० कुठल्या प्रकारचं आहे आणि डोंगलमध्ये कुठली चिप आहे. त्यामुळे तिथे दोन्ही शक्यता लिहितो.

सुरुवात डेटापासून. विंडोज अजून चालू होतंय तोवर फोटो आणि टॅलीचं डेटा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फायली उघडून बघा. टॅलीमधून बॅकअपही घ्या. टॅलीचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहे, तेव्हा तुमच्यासाठी विंडोज पुसून टाकणं हा पर्याय सध्या नाही. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवायची आहेत. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप) चालू आहे का तेही बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि संरक्षण तात्पुरतं सस्पेंड करा. बायोसमध्ये हात घातल्यावर विंडोज ती की मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा समोर असूनही हाती लागत नाही.

मग इंटरनेट. वाय-फाय नसताना ड्रायव्हर कुठून आणायचा यावर बहुतेक जण अडतात, आणि उपाय खिशातच असतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने पीसीला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला तो सरळ वायरचं नेटवर्क म्हणून दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर टेदरिंगमधून तेच इंटरनेट पीसीला मिळतं, मोबाइल डेटाही जात नाही. केबल मात्र डेटावाली हवी. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात आणि टेदरिंगचं बटण फिकटच राहतं. राउटर जवळ असेल तर लॅन केबल लावलीत की काम झालं.

आता तपासणी. पेन ड्राइव्हवरून ‘कम्पॅटिबिलिटी मोड’मध्ये जो डेस्कटॉप येतो, तोच यासाठी पुरतो, काही इन्स्टॉल करायची गरज नाही. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा. कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये त्याच अक्षरांची इंग्रजी लिपीतली लहान अक्षरं टाइप करायची.

एलएसपीसीआय -एनएनके

ही बोर्डावरच्या आणि स्लॉटमधल्या वस्तूंची यादी देते. यूएसबीला लावलेल्या वस्तूंसाठी ‘एलएसयूएसबी’. आणि कर्नल सुरू होताना काय-काय बोलला ते बघायला ‘सूडो डीएमईएसजी’ (सूडो म्हणजे एस-यू-डी-ओ).

पहिल्या कमांडच्या आउटपुटमध्ये तुमच्या ग्राफिक्स कार्डाच्या जागी साधारण असं दिसेल: ‘०१:००.० व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर: एनव्हिडिया कॉर्पोरेशन जीके२०८बी [जीफोर्स जीटी ७३०] [१०डीई:१२८७]’, आणि खाली ‘कर्नल मॉड्यूल्स: एनव्हिडियाएफबी, नूव्हो’. शेवटच्या चौकटी कंसातली जोडी सगळ्यात महत्त्वाची. पहिला भाग कंपनीचा: १०डीई म्हणजे एनव्हिडिया, ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी, १०ईसी म्हणजे रियलटेक. दुसरा भाग नेमक्या चिपचा. स्टिकर बदलतो, खोकं बदलतं, हा क्रमांक सहसा खोटं बोलत नाही. कुठेही मदत मागताना मॉडेलच्या नावाऐवजी हीच जोडी द्या. शोधतानाही हीच टाका.

प्रत्येक वस्तूबाबत तीन प्रश्न विचारायचे, आणि याच क्रमाने. यादीत वस्तू दिसते का? दिसत नसेल तर लिनक्सपर्यंत ती पोचलेलीच नाही. तिथे ड्रायव्हर टाकून उपयोग नाही. स्लॉट, केबल, बायोस तपासा. दिसते, पण खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नाही? मग ड्रायव्हर या कर्नलमध्ये नाही किंवा त्याला अडवलंय. ड्रायव्हर लागलाय, तरी वस्तू चालत नाही? मग बहुतेक वेळा फर्मवेअर नाही, आणि डीएमईएसजीच्या आउटपुटमध्ये ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर अमुक फेल्ड विथ एरर -२’ अशी ओळ सापडते. ते उणे दोन म्हणजे त्या नावाची फाइल डिस्कवर मिळाली नाही. अशा वेळी फर्मवेअरचं पॅकेज अपडेट केलं की भागतं. ‘लिनक्स चालत नाही’ या एका वाक्यात या तिन्ही अवस्था मिसळलेल्या असतात, आणि तिघींचे उपाय वेगवेगळे आहेत.

एक अपवाद लक्षात ठेवा. ‘कम्पॅटिबिलिटी मोड’मध्ये ‘नोमोडसेट’ हा पर्याय लावलेला असतो आणि तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर मुद्दाम बाजूला ठेवतो. म्हणून त्या मोडमध्ये ग्राफिक्स कार्डाखाली ‘इन यूज’ची ओळ नसणं स्वाभाविक आहे. मोठी अक्षरं आणि संथपणाही त्याचाच. तो मोड फक्त आत शिरण्यासाठी आहे. तसाच वापरत राहू नका.

डिस्क

कंपन्यांच्या ऑफिस पीसीमध्ये बायोसचं ‘साटा ऑपरेशन’ हे सेटिंग बऱ्याचदा ‘रेड ऑन’ किंवा ‘इंटेल आरएसटी’वर असतं. त्या मोडमध्ये इंटेलचा कंट्रोलर एनव्हीएमई डिस्क आपल्या पोटात घेतो. विंडोजकडे त्यासाठीचा ड्रायव्हर असतो, म्हणून तिथे सगळं आलबेल. लिनक्सला मात्र कंट्रोलर दिसतो आणि त्यामागची डिस्क दिसत नाही. खात्री करायची तर डीएमईएसजीच्या आउटपुटमध्ये ‘रीमॅप्ड’ हा शब्द शोधा. ‘फाउंड १ रीमॅप्ड एनव्हीएमई डिव्हाइसेस’ अशी ओळ असते आणि तिच्या पुढेच बायोस रेडवरून एएचसीआयवर (डिस्क सरळ दाखवणाऱ्या साध्या मोडवर) न्या, असं कर्नल स्वतः सांगतो. साध्या साटा एसएसडी या मोडमध्येही सहसा दिसतात; म्हणून मित्राच्या तशाच पीसीवर लिनक्स बसतं आणि तुमच्याकडे नाही, असं होऊ शकतं.

हे सेटिंग नुसतं बदलून मोकळं होऊ नका. विंडोजला एएचसीआयची तयारी नसते, ते निळ्या स्क्रीनवर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून थांबतं आणि लोक घाबरून फॉरमॅट करतात. बरोबर क्रम असा. विंडोजमध्ये विन आणि आर दाबून ‘एमएसकॉन्फिग’ उघडा, ‘बूट’ टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर खूण करा, खाली ‘मिनिमल’ राहू द्या. रीस्टार्ट करून सरळ बायोसमध्ये जा, बहुतेक मशीनवर एफ२ किंवा एफ१०. साटा ऑपरेशन ‘एएचसीआय’ करा, सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि तेवढ्यात आपला एएचसीआय ड्रायव्हर लावून घेईल. पुन्हा एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन खूण काढा, रीस्टार्ट करा. झालं. सेफ मोडमध्ये पिनने लॉगिन होईलच असं नाही, तेव्हा खात्याचा पूर्ण पासवर्ड आधीच माहीत करून घ्या. मध्येच काही बिनसलं तर बायोसमध्ये पुन्हा ‘रेड ऑन’ करा. विंडोज पूर्वीसारखं उघडतं, कारण डिस्कवरच्या मजकुराला आपण हातच लावलेला नाही.

ऑफिसमधून निघालेल्या मशीनला बायोसचा पासवर्ड असू शकतो. तो मागत असेल तर दुकानदाराकडे परत न्या, काढून देणं हे त्याचं काम आहे. डेस्कटॉपच्या बोर्डावर त्यासाठी बहुधा एक जम्पर असतो.

विंडोजमध्ये असतानाच आणखी दोन कामं उरका. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्सला त्याची पार्टिशन लिहिण्यासाठी उघडता येत नाहीत. मग ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून सी ड्राइव्ह आकसून जागा मोकळी करा. २५६ जीबीची डिस्क विंडोजमध्ये २३८ जीबीच्या आसपास दिसते. त्यातून ७० ते ८० जीबी लिनक्सला द्या. ४० जीबीमध्येही बसतं, पण अपडेट आणि दोन-तीन कर्नल साठले की वर्षभरात चणचण भासते. ही मोकळी जागा तशीच ठेवा, विंडोजमधून तिला फॉरमॅट करू नका.

विंडोज यूईएफआय या नव्या बूट मोडमध्ये आहे की जुन्या लेगसीमध्ये, हे ‘एमएसइन्फो३२’ उघडून ‘बायोस मोड’च्या ओळीत बघा. एनव्हीएमईवरून बूट होतंय म्हणजे जवळजवळ नक्की यूईएफआयच असणार, तरी बघा. लिनक्सही त्याच मोडमध्ये बसवायचं, म्हणजे बूट मेन्यूमध्ये पेन ड्राइव्हची ‘यूईएफआय’ लिहिलेली नोंद निवडायची. मोड वेगळे पडले तर दोन्ही सिस्टिम डिस्कवर असतात, पण ग्रबच्या (सुरू होताना सिस्टिम निवडायला देणाऱ्या लिनक्सच्या मेन्यूच्या) यादीत एकच दिसते.

काळी स्क्रीन

इथे माझं मत स्पष्ट आहे: ते जीटी ७३० काढून ठेवा. आय-फाइव्ह ६५०० मध्ये इंटेलचं एचडी ५३० ग्राफिक्स आहे. ब्राउझर, टॅली, व्हिडिओ, दोन मॉनिटर, सगळं त्यावर होतं, आणि त्याचा आय९१५ ड्रायव्हर कर्नलमधला अतिशय मुरलेला ड्रायव्हर आहे. जीटी ७३० लावून गेमिंगमध्येही फार काही पदरात पडत नाही. पीसी बंद करा, वायर काढा, कार्डाचा स्क्रू आणि स्लॉटची खिट्टी सोडवून कार्ड सरळ वर उचला, मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला लावा आणि पेन ड्राइव्ह साध्या मोडमध्ये सुरू करा. ऑफिस पीसींना मागे बऱ्याचदा फक्त डिस्प्लेपोर्ट असतो, एचडीएमआय नसतो. त्याच मार्केटमध्ये डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय कन्व्हर्टर काहीशे रुपयांत मिळतो. घेताना दिशा नीट सांगा, उलट दिशेचा कन्व्हर्टर दिसायला सारखाच असतो आणि त्यावर चित्र येत नाही.

जुना मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल किंवा तीन स्क्रीन लावायच्या असतील तर कार्ड ठेवावं लागेल, हे मान्य. मग ते कुठल्या पिढीचं आहे ते बघा. जीटी ७३० या एकाच नावाखाली एनव्हिडियाने दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या. आउटपुटमध्ये जीके२०८ दिसलं तर केप्लर पिढी, त्याला ४७० क्रमांकाची ड्रायव्हर शाखा लागते. जीएफ१०८ दिसलं तर त्याहून जुनी फर्मी पिढी, तिला ३९० ची शाखा. ३९० चा सपोर्ट एनव्हिडियाने २०२२ अखेर थांबवला, ४७० चा २०२४ मध्ये. म्हणजे दोन्ही ड्रायव्हर आता नव्या कर्नलच्या मागे ओढत न्यावे लागतात. केप्लर असेल तर मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये ४७० मिळतो का बघा. फर्मी असेल तर त्या ड्रायव्हरच्या मागे न लागता कर्नलमधल्या नूव्हो ड्रायव्हरवर चालतं तेवढं चालवा किंवा कार्ड बदला. फर्मीसाठी जुना कर्नल धरून बसायचं म्हणजे एका जुनाट कार्डासाठी सगळ्या सिस्टिमचे सुरक्षा अपडेट अडवायचे. तो सौदा मला पटत नाही.

बाकी वाचकांसाठी: जीटीएक्स ९०० आणि १० मालिकांसाठी ५८० ही शेवटची ड्रायव्हर शाखा आहे, जीटीएक्स १६ मालिका आणि त्यापुढची कार्डं चालू शाखांवर चालतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ आहे, उदाहरणार्थ १०४००एफ, त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. तिथे कार्ड काढून बोर्डाच्या पोर्टला मॉनिटर लावलात तर काहीच दिसणार नाही, आणि त्यात बिघाड काही नाही.

वाय-फाय

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, कारण यूएसबी डोंगलच्या बाजारात नाव आणि चिप यांची फारकत झालेली आहे. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन घ्या. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, लिनक्सवर लावताच चालणारी. दुसऱ्या आवृत्तीपासून रियलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली, जिला कित्येक वर्षं वेगळा ड्रायव्हर शोधावा लागायचा. मॉडेलचं नाव तेच, खोकंही जवळपास तसंच. कुणी ‘माझ्याकडे हाच डोंगल मस्त चालतो’ म्हणालं तर तेही खरं आणि तुमच्याकडे चालत नाही तेही खरं.

‘एलएसयूएसबी’ची जोडी बघा. १४८एफ:७६०१ असेल तर मीडियाटेकची एमटी७६०१यू, स्वस्तातली पण लिनक्समध्ये २०१५ पासून असलेली. ती चालली नाही तर बहुधा पोर्ट किंवा डोंगलच खराब. ०बीडीए ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे रियलटेक. त्यात ०बीडीए:१ए२बी दिसलं तर गंमत वेगळीच आहे: डोंगल अजून वाय-फाय झालेलाच नाही, तो विंडोजचे ड्रायव्हर असलेली सीडी असल्याचं सांगतोय. फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी दिसेल; ‘इजेक्ट’ करा, दहा सेकंद थांबा, पुन्हा ‘एलएसयूएसबी’ चालवा. क्रमांक बदललेला दिसेल आणि खरी चिप तेव्हा कळेल. हे कायमचं व्हायला ‘यूएसबी मोडस्विच’ हे पॅकेज असतं.

खऱ्या चिपचं नाव कळल्यावर प्रश्न उरतो तो कर्नलच्या आवृत्तीचा. ‘युनेम -आर’ (यू-एन-ए-एम-ई) या कमांडने ती कळते. आरटीएल८८२२बीयू आणि ८८२१सीयू या चिपचा ड्रायव्हर कर्नल ६.२ पासून आत आला. आरटीएल८८११एयू आणि ८८२१एयू, म्हणजे आर्चर टी२यू जातीच्या छोट्या डोंगलमधल्या चिप, यांच्यासाठी ६.१४ किंवा पुढचा कर्नल घ्या. मिंट २२ आणि २२.१ ची आयएसओ ६.८ घेऊन येते, २२.२ ची ६.१४. म्हणजे तुम्ही जुनी आयएसओ वापरली असेल तर या एका बाबतीत नवी आयएसओ खरोखर उपयोगाची आहे. मिंटमध्ये ‘अपडेट मॅनेजर’च्या ‘व्ह्यू’ मेन्यूतून नवा कर्नलही टाकता येतो.

इंटरनेटवर अशा चिपसाठी बाहेरून ड्रायव्हर उतरवून कंपाइल करण्याच्या कृती भरपूर सापडतील. शेवटचा पर्याय म्हणून ठीक, पण त्याची किंमत जाणून घ्या. तो ड्रायव्हर तुमच्या आत्ताच्या कर्नलसाठी बांधला जातो. पुढच्या अपडेटला कर्नल बदलला की तो पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस या साधनाची सोय असेल तर हे आपोआप होतं, तेही कर्नल हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या कर्नलच्या फायली) असतील आणि नव्या कर्नलशी त्याचा कोड जुळत असेल तरच. ‘कालपर्यंत चालत होतं, अपडेट झालं आणि वाय-फाय गेलं’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. अशा वेळी ग्रबच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडून सुरू करा, वाय-फाय परत येईल आणि दुरुस्तीला सवड मिळेल.

सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारं बायोसचं सेटिंग) चालू असताना बाहेरून बांधलेला कुठलाही ड्रायव्हर, मग तो वाय-फायचा असो वा एनव्हिडियाचा, सही नसेल तर कर्नल आत घेत नाही. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा निरोप आला तर समजा हेच आहे. ड्रायव्हर टाकताना सिस्टिम एक पासवर्ड ठरवायला सांगते, आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘परफॉर्म मॉक मॅनेजमेंट’ येतं. ते दहा सेकंदच थांबतं. तेवढ्यात एखादी कळ दाबून ‘एनरोल मॉक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’ आणि मघाचा पासवर्ड. चहा आणायला उठलात तर संधी जाते आणि ड्रायव्हर ‘इन्स्टॉल झालेला’ असूनही चालत नाही.

माझा सल्ला विचाराल तर डोंगलच्या चिपला आत ड्रायव्हर नसेल तर त्याच्याशी झगडू नका. तुमच्या डेस्कटॉपला रिकामा पीसीआय-ई स्लॉट असेल. इंटेल एएक्स२०० किंवा एएक्स२१० चिपचं, बाहेर अँटेना असलेलं कार्ड घ्या; आयडब्ल्यूएल-वायफाय ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे, एएक्स२१० ला कर्नल ५.१० किंवा पुढचा पुरतो. बारीक डब्याचा पीसी असेल तर लो-प्रोफाइल पट्टी सोबत आहे का ते विचारा. ब्लूटूथ हवं असेल तर कार्डाची छोटी वायर बोर्डावरच्या यूएसबी हेडरला लावावी लागते, नाहीतर फक्त वाय-फाय चालतं. आणि सुटं एम.२ कार्ड कुणी स्वस्तात देऊ केलं तर नंबर वाचा: एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच असतात, पण ती ठरावीक इंटेल चिपसेटसोबतच चालतात. तुमच्या बोर्डावर ती यादीत दिसणारही नाहीत.

पैसे घालायचे नसतील तर घरातला जुना राउटर रिपीटर किंवा क्लायंट मोडमध्ये लावा आणि त्यातून लॅन केबल पीसीला जोडा. जुन्या चाळीच्या किंवा दगडी इमारतीच्या जाड भिंतींत पीसीच्या मागे चिकटलेल्या नखाएवढ्या डोंगलपेक्षा हे जास्त स्थिर चालतं, आणि ड्रायव्हरचा प्रश्नच मिटतो.

याच पीसीवर पुढे येतील अशा काही गोष्टी

दोन्ही सिस्टिम बसल्यावर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसेल. लोक बायोसचा सेल गेला समजून सीआर२०३२ बदलतात. सेल गेला असेल तर तारीख काही वर्षं मागे जाते. साडेपाच तासांचा फरक म्हणजे लिनक्स घड्याळात जागतिक वेळ लिहितंय आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतंय. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही कमांड एकदा चालवली की मिटतं.

आवाज आला नाही तर आधी साउंड सेटिंगमध्ये आउटपुट कुठे जातंय ते बघा. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट लावला की आवाज बऱ्याचदा मॉनिटरकडे वळतो आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो.

टॅली आहे म्हणजे प्रिंटरही असेल. आपल्याकडे घरोघरी असलेल्या एचपी लेझरजेट १०२० ला दर वेळी चालू झाल्यावर फर्मवेअर द्यावं लागतं. त्यासाठी एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरसोबत ‘एचपी-प्लगइन’ टाकावं लागतं. कॅननचा एलबीपी २९०० कॅप्ट नावाच्या खास पद्धतीने बोलतो, तो लिनक्सवर खरोखर त्रास देतो. तोच तुमच्याकडे असेल तर छपाई विंडोजकडेच राहू द्या.

आणि इन्स्टॉलर दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडकत असेल, कधी २० टक्क्यांवर, कधी ७० वर, तर ती कम्पॅटिबिलिटी नाही. पेन ड्राइव्हवरची आयएसओ खराब आहे किंवा रॅम. आयएसओचा एसएचए-२५६ (फाइल पडताळायचा आकडा) जुळवून बघा, मग मेमटेस्टची (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची) एक पूर्ण फेरी होऊ द्या. एकही चूक दिसली तर रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसा, पुन्हा बसवा, पुन्हा टेस्ट. आपल्या दमट हवेत वर्षानुवर्षं चाललेल्या जुन्या मशीनमध्ये त्या कडांवर थर बसतो आणि एवढ्यानेच कित्येक पीसी सुधारतात. तरीही चूक आली तर पट्टी बदला.

सेकंड-हँड पीसी घ्यायला जे अजून जाणार आहेत त्यांनी मिंटचा तयार पेन ड्राइव्ह खिशात ठेवूनच ग्रँट रोडला उतरावं. दुकानातच लाइव्ह डेस्कटॉप सुरू करा, बायोसला पासवर्ड नाही ना ते बघा, डिस्क दिसते का, लॅन आणि आवाज चालतो का ते बघा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पैसे दिल्यानंतर करण्यापेक्षा आधी केलेलं बरं.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: बॅकअप, सेफ मोडमधून एएचसीआय, कार्ड काढून मॉनिटर बोर्डाला, फोनचं टेदरिंग, मग साध्या मोडमध्ये इन्स्टॉल करताना ‘इन्स्टॉल अलाँगसाइड’. वाय-फाय सगळ्यात शेवटी. यातून कुठे अडलात तर ‘एलएसपीसीआय -एनएनके’ आणि ‘एलएसयूएसबी’चं पूर्ण आउटपुट, ‘युनेम -आर’चा आकडा आणि डीएमईएसजीमधल्या ‘फर्मवेअर’ शब्द असलेल्या ओळी इथे टाका. स्क्रीनचा फोटो न टाकता मजकूर कॉपी करून टाका, म्हणजे क्रमांक शोधता येतात. डोंगलची चिप कळली की कर्नल बदलायचा की कार्ड घ्यायचं, ते लगेच सांगता येईल.